बारा नमुने

मामाच्या गल्लीत सकाळचा उजेड थेट कधीच येत नसे. दोन्ही बाजूंची घरं चार-चार मजल्यांची आणि मधली वाट इतकी अरुंद, की समोरासमोरच्या खिडक्यांतल्या बायकांना एकमेकींना काड्यापेटी द्यायची, तर फक्त हात लांब करावा लागे. सूर्य वर आला, की तो आधी उजव्या ओळीच्या शेवटच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींवर थोडा वेळ रेंगाळे, मग एखाद्या तावदानावर पडून उलटा फिरे. तावदानावरून परतलेला उजेड समोरच्या भिंतीवर उतरे, भिंतीचा पिवळट रंग घेऊन खाली सरके, लोखंडी कठड्यांमधून गाळला जाई, आणि फरशीपर्यंत येईतो त्याच्यातली धग आणि चकाकी, दोन्ही गळून गेलेली असत. उरे तो एक मऊ, उसना, पुष्कळदा धुतलेल्या सुती कापडासारखा उजेड. त्याला सावली नसे. तो आधी दुकानाच्या पाटीवर यायचा, मग काचेच्या बरण्यांच्या खांद्यांवर, मग तराजूच्या एकाच पारड्यात, आणि ते पारडं उगाच थोडं खाली गेल्यासारखं वाटायचं. मामाच्या उंबरठ्यावर तो पाऊण तास थांबे. मग सूर्य तावदान ओलांडून वर जाई आणि गल्ली पुन्हा आपल्या नेहमीच्या करड्या रंगात बुडे.

मामाला हाच पाऊण तास लागे. "ऊन फार कौतुक करतं," तो म्हणे, "आणि दिवा जन्माचा लबाड." मांडी घालून तो उंबरठ्यावर बसे आणि कडू पाल्याचं एकेक पान बोटांत धरून त्या उजेडात पाही. शिरा हिरव्या असल्या, तर पान डावीकडच्या पोत्यात. तो साधा पाला. शिरा तांबूस आणि देठाजवळ काळसर असल्या, तर पान उजवीकडच्या पत्र्याच्या डब्यात. तो निवडक. शंभरात तशी चार-पाच निघत.

साधा पाला सगळे नेत. हमाल नेत, शिंपी नेत, रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या परिचारिका नेत. चिमूटभर चघळला, की आधी जीभ बधिर होई आणि मग पाठीवरचं ओझं पाठीपासून चार बोटं दूर गेल्यासारखं वाटे. निवडक मात्र मामा कुणाला सहजी देत नसे. त्याने माणूस सुस्तावतो, गुंगतो. त्यासाठी घरातलं कुणीतरी यावं लागे, आजारी कोण आहे ते सांगावं लागे, आणि मामा चार प्रश्न विचारून मोजकी पानं कागदात बांधून देई. गल्लीतली बाराही दुकानं हा नियम पाळत. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून पुढे सरकारी समितीच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नव्हता.

वडील गेल्यावर आई मला घेऊन मामाकडेच राहायला आली होती. त्या दुकानाच्या वरच्या खोलीत मी लहानाचा मोठा झालो, आणि मामीच्या शब्दांत सांगायचं तर 'तोंडात मूग धरूनच' झालो. गणित मला आवडे, कारण गणिताशी बोलावं लागत नसे. त्याच गणिताच्या बळावर मी वनस्पती नियंत्रण खात्याच्या प्रयोगशाळेत हंगामी सहायक झालो, तेव्हा मामाने सगळ्या गल्लीला बातमी दिली. आईने रीतसर वेगळी खोली घेतली. बाकी काही बदललं नाही. साहेबांसमोरही माझा आवाज गळ्याच्या खालच्या पायरीवरच थांबे.

साहेबांना सगळी प्रयोगशाळा मागून 'दशांश' म्हणे. कुठलाही आकडा दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत सांगितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे.

"भूक किती लागलीय म्हणून त्यांना घरी विचारत असतील ना," शेजारच्या टेबलावरची तंत्रज्ञ बाई म्हणायची, "तर म्हणत असतील, शून्य पूर्णांक एक्याऐंशी!"

मी हसत असे, पण मला साहेब आवडत. त्यांच्या जगात आकड्याला कुणाचा चेहरा नव्हता.

त्या वर्षी एका बसचालकाला गाडी चालवताना झोप लागली आणि सात माणसं गेली. चालकाच्या खिशात कडू पाला सापडला. तो सलग तीस तास गाडी चालवत होता, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत होतं, आणि शेवटच्या ओळी कोण वाचतो? महिन्याभरात कायद्याचा मसुदा आला. कडू पाल्याला त्यात 'वनस्पती क्रमांक सतरा' म्हटलं होतं. बाजारातल्या पाल्यात गुंगीच्या द्रव्याचं सरासरी प्रमाण दोन टक्क्यांच्या आत निघालं, तर दुकानदारांना परवाना, पाकिटावर सूचना, आणि धंदा चालू. दोनच्या वर निघालं, तर उघडी विक्री बंद. मग पाला फक्त औषध कंपन्यांना आणि औषधांच्या दुकानांना. सरासरी काढायची होती आमच्या प्रयोगशाळेने. बारा दुकानं, प्रत्येकी एक पाकीट, पूर्वसूचना न देता, ग्राहकाला मिळतो तोच माल.

"गल्ली तुझ्या ओळखीची आहे ना?" दशांशसाहेब म्हणाले. "मग तूच जा."

ओळखीची होती, हीच तर अडचण. परक्या माणसांसमोर मी कसाबसा उभा राहिलो असतो. पण ज्यांनी मला उघडं-नागडं पाहिलेलं, ज्यांच्या पायऱ्यांवर बसून मी पाढे पाठ केलेले, त्यांच्यासमोर शासनाचं पावतीपुस्तक कोणत्या तोंडाने काढायचं? तरी मी गेलो. पहिलं दुकान समोरच्या काकूंचं. त्यांची जीभ म्हणजे दुकानातल्या कात्रीची धाकटी बहीण. दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांच्या मागे थांबलो.

"अगंबाई, हा बघा कोण!" काकू मोठ्याने म्हणाल्या. "मामाचा मुका! काय रे, हातात पिशवी, पायात बूट, मुलगी बघायला निघालास की काय?"

गिऱ्हाइकं वळून हसली. मी म्हणालो, "काही नाही, काकू, सहज." आणि पुढे गेलो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. अकरा दुकानांची अकरा तोंडं माझ्याकडे बघत होती, किंवा तसं मला वाटत होतं. शेवटी सवयीने पाय जिथे वळत, तिथेच वळले.

"या साहेब," मामा उंबरठ्यावरून उठत म्हणाला. "पायधूळ झाडा. सरकार आमच्या दारी!"

"मामा, हळू बोल."

"का रे? चोरी करायला आलायस?"

मी त्याला काम सांगितलं. बारा दुकानं, बारा पाकिटं. आणि मग मान खाली घालून म्हणालो, "तूच दे ना सगळी. पाला एकाच रानातून येतो सगळ्यांचा. तोच तर आहे."

मामाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी मी शाळेत न जाता बरण्यांमागे लपून बसायचो, तेव्हा तो असाच पाही. मग तो आत गेला. मी स्टुलावर बसून बारा लेबलं लिहिली, दुकान क्रमांक एक ते बारा, वेगवेगळ्या वेळा, वेगवेगळ्या शाईत. थोड्या वेळाने मामा पाकिटं घेऊन बाहेर आला.

"घे. कळू दे तुझ्या साहेबांना, आपला माल काय आहे ते."

प्रयोगशाळेत मी पाला वाळवला, कुटला, द्रावणात मुरवला आणि यंत्राला दिला. यंत्र कागदावर रेघ काढत जाई आणि द्रव्य सापडलं, की रेघेला शिखर येई. पहिलं शिखर आलं ते कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकलं. दुसरं तसंच. बाराही तशीच. सरासरी आली दोन पूर्णांक एकतीस.

दशांशसाहेबांनी कागद खिडकीशी नेऊन पाहिले. "बारा दुकानं आणि फरक फक्त दुसऱ्या दशांशात!" ते म्हणाले. "इतका एकसारखा माल म्हणजे हा संघटित व्यापार आहे. हे अहवालात घ्या." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि हात स्थिर आहे तुझा. कायम करण्यासाठी तुझं नाव पाठवतोय मी."

त्या रविवारी मी मामाकडे गेलो. मामी वर कपडे वाळत घालत होती.

"किती आलं रे?" मामाने विचारलं.

"दोन पूर्णांक एकतीस."

"हे बघ! म्हटलं नव्हतं?" तो खुलला. "मोठ्या शहरातले व्यापारी आले तरी असा पाला..."

"मामा, दोनच्या वर गेलं तर दुकान बंद आहे."

तो हसत होता ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्याला तिथून कुणी हलवायलाच आलं नाही. मग तो म्हणाला, "अरे पण तो निवडक होता. निवडक काय लोक रोज खातात? साधा मोज ना."

"मोजला. काल, सगळे गेल्यावर. एक पूर्णांक चार."

"मग झालं तर! सांग साहेबांना."

"सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, मग बारा दुकानांतून काय आणलंस? खोटी लेबलं लिहिली, मामा. नोकरी तर जाईलच. वर खटला होईल."

मामा उठला, तराजूच्या पारड्यातला कचरा फुंकरला, पुन्हा बसला.

"आईला बोललायस?"

"नाही."

"नको बोलू. तिची झोप आधीच कमी आहे."

"तू निवडक का दिलास, मामा?" मी विचारलं. माझ्या आवाजात तक्रार होती, हे मला ऐकू आलं आणि मी ते न ऐकल्यासारखं केलं.

मामाने निवडकाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

हरकती ऐकण्यासाठी खात्याने तीस दिवसांनी सुनावणी ठेवली. लांब टेबलामागे तीन सदस्यांची समिती, बाजूला दशांशसाहेब, त्यांच्या मागे मी, गुडघ्यांवर फाइल धरून. गल्लीतली माणसं धुतलेले कपडे घालून आली होती आणि खुर्च्यांच्या काठावर बसली होती. टेकून बसलं तर उद्धटपणा दिसेल, असं त्यांना वाटलं असावं.

अध्यक्षांनी अहवाल वाचायला सांगितला. मी वाचला. आकडे माझ्या तोंडून स्वच्छ बाहेर पडतात. त्यांना माझी लाज वाटत नाही. वाचून झालं तशा समोरच्या काकू उभ्या राहिल्या.

"दुकान क्रमांक एक म्हणजे मीच ना? माझ्या दुकानातून कुणी काही नेलेलं नाही."

"कागदावर तारीख, वेळ, सही, सगळं आहे, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"असेल की. कागद काय, माझ्या लग्नाची तारीखही चुकीची लावतो. या पोराने माझा उंबरठा ओलांडला तेव्हा त्याची चड्डी ओली होती, साहेब. त्यानंतर ओलांडलेला नाही. मध्ये एकदा पायरीशी आला होता. मी थट्टा केली तर पळाला. विचारा त्याला! दोन टक्के म्हणे. दोन टक्के माझ्या पाल्यात असते, तर माझी गिऱ्हाइकं दुकानातच झोपली असती."

लोक हसले. एक सदस्यही हसला. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही यांच्या दुकानात गेला होतात?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. दोन वाक्यं होती. कितीतरी दिवस मी ती मनात जुळवत होतो: हे नमुने एकाच दुकानातले आहेत, साध्या पाल्यात प्रमाण एक पूर्णांक चार आहे. पण माझा आवाज आपल्या नेहमीच्या पायरीवर जाऊन बसला. मी फाइल उघडली, लेबल क्रमांक एक काढलं आणि टेबलावर ठेवलं. तोंडाने काहीच म्हणालो नाही. खोटं बोललो नाही, असं पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो.

"गल्लीच्या संघाचे चिटणीस कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

मामा उभा राहिला.

"नमुने घेतले त्या दिवशी तुम्ही दुकानात होतात? हे गृहस्थ सगळीकडे फिरले का?"

मामाने काकूंकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, तेही क्षणभरच.

"हो साहेब," तो म्हणाला. "सगळीकडे फिरला. मी उंबरठ्यावरच होतो. काकूंचं वय झालंय, विसरल्या असतील."

अध्यक्षांनी काहीतरी लिहिलं आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

बाहेर पायऱ्यांवर काकूंनी मामाला गाठलं. त्या ओरडल्या नाहीत. "भाच्यासाठी सगळ्या गल्लीला मामा बनवलंस की रे," एवढंच म्हणाल्या, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या. मामा त्यांना हात द्यायला पुढे झाला. त्यांनी हात घेतला नाही.

दीड महिन्याने कायदा लागू झाला. खात्याची माणसं आली, पोती उचलली, गल्लीच्या टोकाला खड्डा खणून पाल्यावर चुना टाकला, आणि बाराही दारांना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. मामाचा निवडकाचा डबा एका शिपायाने उपडा केला. आत सात पानं होती. त्याने ती मोजून यादीत लिहिली. त्याच आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं आणि आईने ते चौकटीत बसवून घेतलं.

मामा आता रद्दीच्या गोदामात वजनकाट्यावर बसतो. जुनी वर्तमानपत्रं येतात, तो काटा बघतो, आकडा ओरडून सांगतो. गल्लीतल्या लोकांनी भांडण केलं नाही. फक्त बोलणं बंद केलं. मामी नळावर गेली, की बायका बादल्या उचलून जागा करून देतात, इतकी जागा, की त्यात तिला एकटीलाच उभं राहावं लागतं.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मामाची दाढ दुखत होती. गाल सुजला होता. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपकिरी गोळ्यांची पट्टी मामीने त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटी करून चष्म्याखाली धरली आणि वाचली. 'वनस्पती क्रमांक सतरा. प्रमाणित. द्रव्य २.३१ टक्के.'

"अरे, हा तर आपलाच!" तो म्हणाला आणि सुजलेल्या गालाने हसला. "बघ, शेवटी माल चाललाच की नाही?"

"हसा," मामी म्हणाली. "हसायला काय जातंय? मला गल्लीत कुत्रं विचारत नाही. त्या काकू मुलीकडे राहायला गेल्या, जाताना निरोपसुद्धा घेतला नाही. तीस वर्षं समोरासमोर काढली आम्ही. काय अडलं होतं तुमचं, तो डब्यातला पाला द्यायला? साधा भरला असता तर सगळं जागच्या जागी असतं."

"चुकलं माझं," मामा म्हणाला. "हौस नडली. म्हटलं, सरकारला द्यायचं तर चांगलं द्यावं. याचा काय दोष? पोराने पाकिटं भर म्हटलं, मी भरली. याला बिचाऱ्याला कुठे कळतं, साधा कुठला नि निवडक कुठला?"

तो हे माझ्याकडे न बघता म्हणाला, पट्टीतली गोळी अंगठ्याने ढकलत. मामी माझ्याकडे बघत होती. ती वाट बघत होती, असं नाही. पण मी काही म्हणालो असतो, तर तिने ऐकून घेतलं असतं. मी पाण्याचा पेला मामाच्या हातात दिला.

त्याच्या हौसेने सगळ्यांचा घात केला, असं मी आईला सांगितलं आहे. तंत्रज्ञ बाईलाही, जेवणाच्या सुट्टीत, नाव न घेता सांगितलं आहे. स्वतःला तर रोज सांगतो. प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढताना, आरशासमोर, झोप येण्याआधी. आणि या कागदावरही, वर, मी तसंच लिहिलं आहे: मामा आत गेला, मी लेबलं लिहिली, मामा बाहेर आला.

तसं झालं नाही. तो आत गेला तेव्हा मीही त्याच्या मागे गेलो होतो. त्याने पोत्यात हात घातला होता, साध्या पाल्याच्या. दोन टक्क्यांची अट मला पाठ होती, पण डोळ्यांसमोर फक्त साहेब होते. मी म्हणालो, "मामा, यातला नको. डब्यातला दे. शिखर उंच आलं पाहिजे, साहेब बघणार आहेत." त्याने विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की."